आलं काय?

टीव्ही घरात आला त्या दिवशी गोपिकानं त्याला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं आणि सगळ्या गल्लीला पेढा वाटला. पेढा वाटला तो वाटला, वर "या ना जी रविवारी पाहाले" असंही तोंडानं म्हणून बसली. असलं बोलणं गल्ली कधी विसरत नाही. गल्ली रविवारी आली, आणि मग दर रविवारी येतच राहिली.

गल्ली इतवारीच्या मागच्या अंगाची. पुढं भांड्यांची दुकानं आणि हातठेल्यांची ढकलाढकल, मागं कवेलूची, म्हणजे कौलारू घरं भिंतीला भिंत टेकवून उभी. नागपुरात टीव्ही दिसायला लागून दोनेक वर्षं झाली होती, पण ह्या गल्लीत हा पहिलाच. गोपिकाचा नवरा मनोहरराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. कंपनीच्या बसनं जायचा, कंपनीच्या बसनं यायचा, आणि गल्लीत त्याला कुणी फारसं विचारत नसे. टीव्ही आला आणि विचारू लागले. मग काय, रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या आधी हा दारात उभा राहून "या, या, इथी जागा हाय" करायचा. सरकायला सांगायचा ते मात्र घरच्यांना.

गोपिकाचं काय होतं, ते कोण विचारतो? सकाळी सारवलेलं अंगण चपलांनी भरून जायचं. शेजारचा शालिकराम आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन यायचा आणि ती बाजेवर अशी पसरायची की देवानं सांगितलं तरी उठणार नाही. पडद्यावर रडारड सुरू झाली की कुणाच्या तरी पोट्ट्याला हमखास शू लागायची. मागच्या रविवारी तर त्या पोट्ट्यानं सांगायचीही तसदी घेतली नव्हती. सतरंजी दोनदा धुतली तरी वास जाईना. आणि घरची मालकीण कुठं? तर स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, लोकांच्या डोक्यांमधून जेवढा तुकडा दिसेल तेवढा सिनेमा बघत. हिरोचं तोंड दिसलं तर हिरोइनचं दिसत नसे.

वरून सासू. जिजाबाईला सिनेमाचं वावडं नव्हतं, ती सगळ्यांत पुढं बसायची. तिला वावडं होतं देवरावचं आणि त्याच्या बायकोचं, भीमाबाईचं. देवराव गल्लीच्या शेवटच्या घरात राहायचा, मिलमध्ये मागावर उभा असायचा. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेला गेलेलं ते पोर, आता संसारी माणूस झालं होतं. नवरा-बायको रविवारी यायचे, दाराजवळ बसायचे, आणि सिनेमा संपला की सगळ्यांच्या आधी उठून सतरंजी झटकू लागायचे. त्यांच्यासाठी जिजाबाईनं दोन कानतुटके कप खिडकीच्या फळीवर निराळे ठेवले होते. देवरावनं ते पहिल्याच रविवारी पाहिले असणार. "मी चहा सोडला जी, अॅसिडिटी होते," असं तो हसून म्हणाला, आणि त्यानंतर त्याला ह्या घरात चहा विचारायचं कुणाला काम उरलं नाही. गोपिकालाही ते सोयीचंच पडलं. एक भानगड मिटली म्हणून तिला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

"कायले बोलावते वं त्यायले?" जिजाबाई दर रविवारी विचारायची.

"मी कुठी बोलावते? येतेत थे."

"मंग येऊ नका म्हन ना."

आता असं कुणी तोंडावर म्हणतं का? दारात आलेल्याला जा म्हणायला गोपिकाच्या जिभेला कुणी शिकवलंच नव्हतं. जीभ गोड आणि मनात धुसफूस. अशी माणसं मग भलत्या वाटेनं जातात.

ती वाट टीव्हीच्या मागं होती. टीव्ही बसवायला आलेल्या माणसानं जाताना मनोहररावला बजावलं होतं की मागच्या ह्या काळ्या बटनाला हात लावायचा नाही. आवाज राहील, पण चित्र तिरपं फाटेल. मनोहररावनं मोठी मान हलवली आणि विसरला. गोपिका ताटात पेढे लावत होती. तिनं ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, घरात कुणी नाही असं बघून तिनं ते करून पाहिलं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. काळं बटन जरासं फिरवलं तसा तो फेटेवाला शेतकरी तिरपा तिरपा फाटत गेला, नुसत्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या राहिल्या, आणि पट्ट्यांच्या आतून धानावरच्या किडीची माहिती सुरूच होती. बटन परत फिरवलं, शेतकरी जसाच्या तसा. गोपिकाला हसू आलं. तिनं वर टीव्हीचं भरतकामाचं कव्हर सारखं केलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की फक्त एक-दोन रविवार. सण तरी सुखानं जाईल. मग देऊ फिरवून परत.

रविवारी दुपारी कव्हर झटकायच्या निमित्तानं हात मागं गेला, आणि झालं.

संध्याकाळी गल्ली आली, बसली, टीव्ही तापला, आवाज आला. चित्राच्या जागी पट्ट्या. "हे काहून असं?" मनोहरराव म्हणाला. गोपिका चौकटीला टेकून उभी होती, चेहरा असा भोळा की हिलाच ओवाळावं. लोक थोडा वेळ बसतील, चुकचुकतील आणि जातील, असा तिचा अंदाज.

पण तिला आपली गल्ली कळलीच नव्हती. नागपूरचा माणूस एकवेळ स्वतःचं दुखणं अंगावर काढील, दुसऱ्याचा बिघडलेला टीव्ही तसा सोडून जाणार नाही. उंटावरचे शहाणे एकेक करून उठले. शालिकरामनं टीव्हीच्या कुशीत दोन थापा घातल्या. कुणी म्हणालं तापला असंन, ओला फडका ठेवा. कुणी म्हणालं व्होल्टेज. एकानं तर पुढच्या दुकानात टांगलेल्या पितळी भांड्यांवर आळ घेतला, लहरी म्हणे तीच ओढून घेतात. शेवटी जिजाबाई उठली. "दिष्ट लागली त्याले. सारी गल्ली डोये फाडून पाहते, लागन नाही त काय होईन?" असं म्हणून तिनं मीठ-मिरच्या घेतल्या, टीव्हीवरून सात वेळा उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. निखाऱ्याचं घमेलं कुणाच्या हातात? गोपिकाच्या. आपण केलेल्या करणीची दृष्ट काढायला आपणच निखारा धरून उभं राहायचं, ही वेळ वैऱ्यावर येऊ नये. घरभर ठसका उठला. सगळे खोकले, डोळे पुसले आणि परत टीव्हीकडं बघू लागले. पट्ट्या होत्या तिथंच.

"अँटेना हालला असंन जी," दाराजवळून देवराव म्हणाला. "कावळे बसतेत त्यावर. मी पाह्यतो."

"राहू दे गा देवराव," मनोहरराव म्हणाला, "दुपारी पानी येऊन गेलं. कवेलू ओले हाय."

"दोन मिन्टाचं काम. मी काय पह्यल्यांदा चढून राह्यलो?"

ते खरंच होतं. ह्या घराचा अँटेना फिरवायचं काम कुणी न सांगता देवरावचं झालं होतं. ज्या घरात चहा घेता येत नाही त्या घराचं काहीतरी करून द्यावं, म्हणजे दाराजवळची का होईना जागा हक्काची होते, असं त्याच्या मनात असेल. त्यानं शिडी लावली, चपला काढल्या आणि चढला.

आता ह्या कामाची एक रीत असते. एक जण वर, एक जण टीव्हीपुढं, आणि मध्ये अंगणाच्या दारात एक जण, इकडचं तिकडं सांगायला. ते मधलं काम गोपिकाचं. तिचा आवाज खणखणीत.

"आलं काय, वहिनी?" वरून देवराव.

"नाही," आतून मनोहरराव.

"नाही आलं," गोपिका.

"आता?"

"नाही आलं."

कवेलूवर पाय सरकवल्याचा आवाज येत होता. तेव्हा कुठं गोपिकाच्या लक्षात आलं. ज्या चित्रासाठी तो माणूस वर शेवाळावर फिरतोय ते अँटेनात नाहीच. ते आत आहे, काळ्या बटनात. एवढंसं फिरवलं की तो खाली. ती लगबगीनं आत गेली. "थांबा, मी कव्हर काढून पाह्यते," म्हणत हात पुढं केला, तर सगळ्या गल्लीचे डोळे त्याच टीव्हीवर खिळलेले. एरवी कुणी तिच्याकडं बघत नसे, आज बघत होते.

"वहिनी, बाजूले व्हा ना, दिसत नाही," शालिकराम म्हणाला. पट्ट्या दिसत नव्हत्या म्हणे त्याला.

"तू दारात उभी राह्य वं," मनोहरराव वैतागला. "तुहाच आवाज वर जाते."

ती परत दारात आली.

"आलं काय, वहिनी?"

"नाही आलं, भाऊ. राहू द्या आता. उतरा."

"आता जरा आढ्याच्या पलीकडून पाह्यतो. टीव्हीचा टावर टेकडीच्या अंगाले हाय ना."

"नका जाऊ पलीकडं."

"आता? आता आलं काय?"

"नाही आलं," ती म्हणाली, आणि कवेलू घसरले. आधी एक, मग बरेचसे, आणि त्यांच्या मागून देवराव. अंगणातल्या कपडे धुवायच्या दगडावर तो पडला, पाय अंगाखाली भलताच वळलेला.

घर रिकामं झालं. सगळे अंगणात. कुणी "पानी आना" म्हणालं आणि गोपिका आत धावली. पाणी आणायलाच ती आत गेली होती, हे खरं. पण तांब्या उचलायच्या आधी तिचा हात टीव्हीच्या मागं गेला, हेही तितकंच खरं. उद्या मेकॅनिक येईल, बटन पाहील, विचारील की ह्याला कुणी हात लावला. बाहेर माणूस विव्हळत होता आणि ही बया आपलं निस्तरत होती. तिनं बटन फिरवलं. पट्ट्या जुळून आल्या आणि हिरोइन स्वच्छ दिसू लागली, झाडाला धरून गाणं म्हणत होती.

गोपिकानं मान वर केली तर दारात भीमाबाई. नवऱ्याला उचलायला सतरंजी न्यावी म्हणून ती आली होती. तिनं टीव्हीकडं पाहिलं, गोपिकाच्या हाताकडं पाहिलं, खाली वाकून सतरंजी ओढली आणि घेऊन बाहेर गेली.

तिच्यामागून पोट्टे आत डोकावले. "आलं, आलं, चित्र आलं."

सतरंजीवर घेताना देवरावनं डोळे उघडले. "आलं काय?"

"आलं गा देवराव, एकदम साफ आलं," शालिकराम म्हणाला.

घामानं थबथबलेल्या त्या चेहऱ्यावर हसू आलं. "मी म्हटलं होतं ना जी," तो दात आवळून म्हणाला, "अँटेनाच होता."

मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात पायाला मांडीपासून प्लास्टर घातलं. मागावर उभं राहायचं काम, आता ते कितीतरी दिवस बंद. भीमाबाई आधीपासून संत्र्यांच्या बाजारात जायची, काटोलहून आलेला माल निवडून पेट्यांत भरायला. आता पहाटेच दोन घरची भांडी घासून मग बाजारात जाऊ लागली. गल्ली मात्र देवरावचं कौतुक करताना थकत नव्हती. पाय मोडला पण टीव्ही लावून दिला पठ्ठ्यानं. मनोहररावनं ही गोष्ट कंपनीच्या बसमध्ये सांगितली, पान खाताना सांगितली. शालिकराम त्याला इंजिनियर म्हणू लागला, मग सगळेच म्हणू लागले. जाता-येता त्याच्या दारात लोक थांबत. "काय इंजिनियर, पाय काय म्हनते?"

खाई त्याला खवखवे. दुसऱ्या कुणी "इंजिनियर" म्हटलं की गोपिकाच्या हातून काहीतरी सांडायचं. टीव्ही पुसायचं तिनं सोडून दिलं. काळं बटन आपल्याकडं बघतंय असं वाटायचं. भीमाबाईनं पाहिलं का? पाहिलं तर तिला कळलं का? कळलं तर ती बोलत का नाही? गल्लीत भीमाबाई समोरून आली की गोपिका पदर सारखा करत खाली बघायची, आणि भीमाबाई आपली नेहमीसारखी "कुठी चालल्या?" विचारून पुढं जायची. त्या विचारण्यात काही आहे का, हे शोधण्यात गोपिकाचा दिवस जायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

शेवटी तिला सोसेना. सांगून टाकायचं. पाय धरायचे, काय बोलतील ते ऐकायचं, पण एकदाचं सांगून टाकायचं. तिनं पातोडीचा रस्सा केला, डबा भरला, आणि जिजाबाई "कोनासाठी वं?" म्हणेपर्यंत घराबाहेर पडली.

देवराव बाजेवर उशाला टेकून बसला होता, प्लास्टरचा पाय पाटावर. हातात कप होता, त्यातून वाफ निघत होती. तिला बघून त्यानं तो कप घाईनं बाजेखाली ठेवला. मग स्वतःच ओशाळला.

"डाक्टरनं चालते म्हटलं," तो म्हणाला, "थोडा थोडा."

गोपिकाला वाटलं, धरणी दुभंगावी. लाज तिची, आणि झाकत होता तो.

"बसा वहिनी. भीमे, वहिनीले चहा ठेव." मग हात वर करून तो सांगू लागला. "थो अँटेना हाय ना, त्याचं तोंड एवढंसं फिरलं होतं. एवढंसंच. मी आढ्यावरून ढकललं आन मले वरच समजलं का आता बसला म्हून. पाय घसरला थो मंग. आधी बसला, मंग घसरला." त्याला ते कुणालातरी पुन्हा सांगायचंच होतं. त्याचे डोळे असे चमकत होते की गोपिकाला त्यांच्याकडं बघवेना.

भीमाबाईनं चहा दिला. धड कपात, बशीसकट. गोपिकानं तो घोट घोट करून संपवला, आणि कप खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, मले तुमाले एक सांगाचं होतं. थे टीव्हीचं..."

"बाई," भीमाबाई म्हणाली, "डबा धुवून देते. या मांगं."

मागच्या अंगणात नळाला बारीक धार होती. भीमाबाई डबा घेऊन खाली बसली, राखेनं घासू लागली. वर न बघता म्हणाली, "त्यायले सांगू नका."

गोपिका भिंतीला टेकली. "तुमाले मालूम हाय?"

"तुमचा हात पाह्यला. चित्र आलेलं पाह्यलं. बाकीचं मले जोडता येते."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"कोनाले बोलू? त्यायचा पाय त मोडलाच. मिलमध्ये एवढी वर्सं उभे हायेत, कोनी नावानं हाक मारली नाही. आता सारी गल्ली इंजिनियर म्हन्ते. तेबी मोडू काय?" तिनं डब्याचं झाकण उलटं करून घासलं. "एक सांगा. आमी येतो म्हून केलं काय?"

"नाही वं बाई. सगळ्यायचाच तरास व्हाचा. सतरंजी, चपला... सगळ्यायसाठीच केलं मी."

"सगळे त धडधाकट घरी गेले."

गोपिका तिच्यासमोर खाली बसून म्हणाली, "मी त्यायच्या पाया पडते, भीमाबाई. मले चैन नाही."

"पडा. तुमाले हलकं वाटन. त्यायले काय वाटन?" भीमाबाईनं डबा विसळला, पाणी निपटलं आणि तिच्या हातात दिला. "तुमचं वझं तुमच्यापाशीच राहू द्या. आमच्या घरात ठेवाले जागा नाही."

गोपिका डबा घेऊन घरी आली. आल्या आल्या तिनं खिडकीच्या फळीवरचे ते दोन कप उचलले आणि मागच्या उकिरड्यावर टाकून दिले. संध्याकाळी जिजाबाईनं विचारलं, "कप कुठी गेले वं?"

"फुटले."

"दोनी?"

"दोनी."

जिजाबाईनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं आणि रिकाम्या फळीवरची धूळ पुसली. पण कप फेकून ओझं कुठं जातं? ते तिथंच होतं.

दसरा उलटला. प्लास्टर अजून उतरलं नव्हतं. एका रविवारी मनोहरराव आणि शालिकराम देवरावला खुर्चीसकट उचलून घेऊन आले आणि टीव्हीसमोर, अगदी जिजाबाईच्या शेजारी त्याची खुर्ची मांडली. गोपिकानं सगळ्यांना एकाच ताटातल्या सारख्या कपांत चहा दिला. देवरावनं घेतला. "अॅसिडिटी गेली जी आता," असं त्यानं कुणी न विचारता सांगितलं. भीमाबाई आपली दाराजवळच बसली.

सिनेमा मध्यावर आला आणि बाहेर वारं सुटलं. परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. चित्र गेलं. ह्या वेळी बटनाला कुणी हात लावला नव्हता. गोपिकानं खात्री करायला लांबूनच पाहिलं. वाऱ्यानं अँटेनाच फिरवला होता.

सवयीनं सगळी गल्ली देवरावकडं वळली, मग त्याच्या प्लास्टरकडं, मग खाली जमिनीकडं.

"राहू द्या," मनोहरराव म्हणाला. "आवाज त येऊन राह्यला."

"मी असतो त," देवराव पुटपुटला.

गोपिकानं पदर खोचला. कुणाला काही कळायच्या आत ती अंगणात गेली, शिडी लावली. जिजाबाई आतून ओरडली, "बायकोमानूस कवेलूवर चढते काय वं? गल्ली काय म्हनन?" गल्ली काय म्हणेल हे बघतच तर सगळं झालं होतं. ती चढली.

खालून घर किती ठेंगणं दिसतं. वरून तसं नव्हतं. अनवाण्या तळव्याखाली शेवाळ बुळबुळत होतं, वारं लुगड्यात शिरत होतं. काळ्या कवेलूंमध्ये एक लाल पट्टा दिसत होता, नव्या बसवलेल्या कवेलूंचा, थेट कडेपर्यंत गेलेला. देवराव गेला ती वाट. त्याच्या खाली धुण्याचा दगड होता. गोपिकानं अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरला.

"आलं काय?" तिनं विचारलं. आपलाच आवाज तिला परका वाटला.

खाली अंगणाच्या दारात भीमाबाई येऊन उभी होती, गोपिका उभी राहायची तिथंच. तिनं आत बघून वर सांगितलं, "नाही आलं."

"आता?"

"नाही आलं."

आतून देवरावचा आवाज आला, मोठ्या उत्साहाचा. "आढ्याच्या पलीकडून ढकला म्हना. टेकडीकडं तोंड करा म्हना."

गोपिकानं एक पाय आढ्यावर टाकला. दुसरा उचलला आणि कवेलू हलला. तो खाली घरंगळत गेला आणि दगडावर फुटल्याचा आवाज आला. ती पाइपाला बिलगली. डोळे मिटून घेतले. आता आपली पाळी, असंच तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला ते बरंही वाटलं.

"आलं," खालून भीमाबाई म्हणाली.

गोपिकानं डोळे उघडले. भीमाबाई मान वर करून तिच्याकडं बघत होती, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून.

"आलं, बाई. साफ आलं. उतरा आता. बुडानं सरकत या, हळू."

गोपिका बसून, सरकत, शिडीपर्यंत आली. भीमाबाईनं तिचा पाय धरून पायरीवर ठेवला. जमिनीला पाय लागले तेव्हा तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. पण चित्र आलं होतं. एवढं तरी आपल्या हातून झालं, असं वाटून ती हात पुसत आत गेली.

टीव्हीवर मुंग्याच होत्या. सगळी गल्ली त्या मुंग्यांसमोर बसून गाणं ऐकत होती. चित्र आलंच नव्हतं.

"उतरल्या काहून, वहिनी?" देवराव हळहळला. "अजून जरासं राह्यलं होतं."

गोपिकानं वळून पाहिलं. भीमाबाई दारापाशी आपल्या जागेवर जाऊन बसली होती आणि मुंग्यांकडं बघत होती. तिनं गोपिकाकडं पाहिलं नाही.

आलं, एवढाच शब्द होता. त्या रविवारी देवरावला खाली उतरवायला टीव्हीच्या मागं हात घालायची गरजच नव्हती. दारात उभं राहून म्हणायचं होतं, आलं, उतरा. देवराव उतरला असता, आत येऊन पट्ट्या पाहून हसला असता, आणि सोमवारी मिलमध्ये गेला असता. तीन-चार वेळा त्यानं विचारलं होतं. तीन-चार वेळा तिनं खरं उत्तर दिलं होतं.

"असू द्या, भाऊ," गोपिका म्हणाली. आवाज फुटला तिचा, पण गाणं मोठ्यानं चालू होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ती माणसांमधून वाट काढत दाराजवळ गेली आणि भीमाबाईच्या बाजूला, जिथं चपला होत्या तिथं, खाली बसली.